पिवळ्या डागाचं फडकं

१

डॉक्टरांची गाडी चढावरच्या वळणाला बंद पडली, तेव्हा वरच्या वस्तीत एका घड्याळजीचं तोंड अचानक वाकडं झालं होतं आणि त्याची बायको दारात उभी राहून रस्त्याकडे डोळे लावून होती. गाडीने आधी खडखड केली, मग एक मोठा हुंदका दिला आणि बॉनेटखालून धूर काढला. डॉक्टर बॅग उचलून पायी निघाले. वाटेत ना कुठलं वाहन भेटलं, ना सायकल. ते पोचले तेव्हा उशीर झाला होता. घड्याळजी वाचला. त्याचा उजवा हात मात्र वाचला नाही. ज्या हाताने तो केसाएवढे स्क्रू उचलायचा, त्या हाताला आता चमचा धरवेना.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इंजिन उघडलं आणि डॉक्टरांना बोलावून आतला पिस्टन दाखवला. त्याला मधोमध भोक पडलं होतं, कडा वितळलेल्या. मिस्त्री म्हणाला, हे एका दिवसाचं काम नाही. ही गाडी ऐटीची, हिच्या टाकीच्या झाकणावर आतून लिहिलंय की मोठ्या ऑक्टेन आकड्याचंच पेट्रोल घाला. हिला कोणीतरी महिनोन्महिने साधं पाजलंय. इंजिन ठोके घेत राहिलं आणि शेवटी फुटलं.

डॉक्टर सरळ गाडीच्या डिकीकडे गेले.

डिकीत ड्रायव्हरकाकांचा पत्र्याचा डबा असे. काकांची एक रीत होती. पेट्रोल भरताना ते नोझलच्या तोंडाला पांढरं फडकं गुंडाळत, म्हणजे एक थेंबसुद्धा गाडीच्या रंगावर ओघळायला नको. फडकी डॉक्टरांच्याच जुन्या कोटांची. वापरलेलं फडकं घडी करून डब्यात जाई आणि पुढे इंजिन पुसायला उपयोगी पडे. आता या भागात सगळ्यांना ठाऊक होतं की दिवा छापाचं मोठ्या आकड्याचं पेट्रोल हिरवं येतं आणि साधं पिवळसर. कंपनीच रंग घालते, ओळखू यावं म्हणून.

डॉक्टरांनी डबा उपडा केला. हिरव्या डागांची फडकी पडली. एक, आणखी एक, आणखी. आणि त्यांत एक पिवळं.

"काका," डॉक्टर म्हणाले, "किल्ल्या ठेवा."

काकांनी किल्ल्या बॉनेटवर ठेवल्या. डॉक्टर शाळेत जायचे तेव्हापासून हा माणूस त्या घरची गाडी हाकत होता. त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि ते न काढणंच त्याच्या अंगाशी आलं. नवा ड्रायव्हर सोमवारी येणार असं ठरलं.

डॉक्टरांची मावशी वरच्या मजल्यावर राहायची. नोकरीत असताना ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती, पंपापंपावर जाऊन पाच लिटरचं मापाचं भांडं लावायची. लोक तिला मापमावशी म्हणत, समोर मावशी आणि पाठीमागे बरंच काही. ती जिना उतरून आली, डॉक्टरांनी घरी आणलेली फडकी उचलून उजेडात धरली, नाकाला लावली आणि भाच्याला एकच प्रश्न विचारला.

"चोराने बाकीची सगळी पिवळी फेकली आणि एकच जपून ठेवलं होय रे?"

डॉक्टर म्हणाले, राहिलं असेल चुकून. मावशी म्हणाली, असेलही. पण ते फडकं तिने घडी करून आपल्या पिशवीत टाकलं.

२

काका रिकाम्या गॅरेजमध्ये बाकावर बसले होते. समोर गाडीच्या जागी फक्त तेलाचा जुना डाग. मावशी शेजारी बसली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही, कारण तिचा अनुभव असा होता की पंपावर आणि माणसात, आधी हवा जाऊ द्यावी लागते, मग माप खरं येतं.

काकांनी सांगितलं ते असं. पेट्रोल ते नेहमी वहिनींच्या पंपावर भरत. वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या शाळूसोबत्याची बायको. तो गेल्यापासून पंप त्याच चालवतात. त्यामुळे दुसरीकडे थेंब भरायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूमच होता. पण मागे एकदा वहिनीच म्हणाल्या की मोठ्या आकड्याचं नोझल आज बंद आहे, तुम्ही शेजारच्या गावी आपल्याच छापाच्या पंपावर भरा. काका गेले. मोठ्या आकड्याचं मागितलं, मोठ्या आकड्याचेच पैसे दिले. फडक्यावर बघतात तर डाग पिवळा.

"मला वाटलं, फसवलं मला," काका म्हणाले. "भांडायला हवं होतं. पण मागे गाड्यांची रांग, आणि मी पडलो भिडस्त. घरी येऊन डॉक्टरांनाही सांगितलं नाही. या वयात फसलो म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? तेवढं माझं चुकलं, मावशी."

"गाडी ठोके घेत होती ते ऐकू येत नव्हतं?"

काकांनी मान खाली घातली. येत होतं, म्हणाले. चढावर तर डब्यात खडे हलवल्यासारखं. मावशीने विचारलं की मग डॉक्टरांना का नाही सांगितलं. यावर काका बाकावरचा नसलेला कचरा झटकू लागले. शेवटी इतकंच म्हणाले की चढावर डॉक्टरांना गाणी ऐकायला आवडतात.

मावशी उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "त्या पिवळ्या पेट्रोलवर किती ठोके घेतले गाडीने? जास्त की नेहमीएवढेच?"

काका विचारात पडले. आपण काय बोलतोय ते बोलताना त्यांना कळत गेलं असावं, कारण ते फार सावकाश बोलले.

"तेच नवल आहे. ती टाकी संपेपर्यंत गाडी वाजलीच नाही."

३

मावशीने संशयाची पेरणी सगळीकडे सारखी केली. तिचं म्हणणं असं की एकाच माणसावर संशय घेणं हा आळस आहे.

पहिला मिस्त्री. त्याच्या भिंतीवर घोडा छापाचं कॅलेंडर होतं आणि घोडा छापाचा पंप त्याच्या साडूचा. मावशी स्टुलावर टेकली न टेकली तोच तो सुरू झाला. दिवा छाप म्हणजे सगळी घाण, घोडा छाप भरलं असतं तर गाडी नातवंडांनाही पुरली असती. मावशीने विचारलं की दोन्ही छापांचे टँकर तर शहराबाहेरच्या एकाच मोठ्या टाकीवर भरतात, मग घाण नेमकी कुठे शिरते? मिस्त्रीने पाना उचलला आणि फिरवायला काही सापडेना म्हणून परत ठेवला. इंजिन त्यानेच बिघडवलं असेल काय, हाही विचार मावशीने करून पाहिला. पण नवं इंजिन बसवायला लागणारे भाग त्याच्याकडे नव्हते, मागवायलाही त्याला तीन ठिकाणी विचारावं लागत होतं. आपल्याला न जमणाऱ्या दुरुस्तीसाठी कोणी गाडी फोडत नाही. निघताना त्याने एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. पेट्रोलच्या फिल्टरवर त्याला हिरवट, बुळबुळीत साय मिळाली होती.

"म्हणजे तेलासारखी?"

"तेल पुसलं की जातं. ही नखाने खरवडावी लागली."

दुसरा डॉक्टरांचा मेहुणा. दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला येई आणि जाताना "जरा जाऊन येतो" म्हणत गाडी घेऊन जाई. टाकीत स्वस्तातलं पेट्रोल घालण्याएवढी संधी दुसऱ्या कोणालाच नव्हती. मावशीने त्याला सरळच विचारलं. तो दुखावला.

"मावशी, आईची शपथ, मी तसलं काही करत नाही. मी भरतच नाही!"

हे खरं होतं. डॉक्टरांच्या बायकोने आतूनच ओरडून दुजोरा दिला की गाडी न्यायची भरलेली आणि आणायची हवेवर, हा भाऊरायांचा लग्नाआधीपासूनचा लौकिक आहे. आपल्या कंजूषपणामुळे निर्दोष सुटलेला मावशीच्या पाहण्यातला हा पहिलाच माणूस.

मग ती गावात नुसतीच फिरली. वहिनींच्या पंपावर मोठ्या आकड्याचं कोण कोण भरतं, ते विचारत. शिंप्याची स्कूटर, केशकर्तनवाल्याची छोटी गाडी, शाळेच्या मुख्याध्यापकांची त्याहून छोटी. सगळे एका सुरात बोलले. हिरव्यावर गाडी लोण्यासारखी चालते. शिंपी तर म्हणाला, साधं घातलं की माझी स्कूटर रुसते, मला लगेच कळतं. गावात घोडा आणि दिवा यांवरून सोयरिकी मोडायच्या बाकी होत्या, पण मोठा आकडा चांगला यावर दोन्ही पक्ष एक होते.

मावशीने कोणाशी वाद घातला नाही. तिला ठाऊक होतं की आकडा ही पेट्रोलची ताकद नव्हे, ती त्याची सहनशक्ती. ज्या इंजिनात दाब जास्त, तिथे कमी आकड्याचं पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आधीच भडकतं, आणि तेच ते ठोके. स्कूटरच्या इंजिनात दाबच एवढा नसतो. तिला साधं पाजलं काय नि मोठं पाजलं काय, गोगलगाईला घोड्याची नाल ठोकण्यासारखं.

म्हणजे या सगळ्या गावात हिरवं पेट्रोल खरं की खोटं हे सांगू शकेल असा एकच साक्षीदार होता. आणि त्याच्या छातीला भोक पडून तो मिस्त्रीकडे पडला होता.

४

वहिनींचा पंप गावाच्या टोकाला. स्वच्छ, चुना मारलेला, नोझल चकचकीत पुसलेली. नोझलवर वहिनींचा दीर उभा असे. केसांना तेल, तोंडात बडबड, गिऱ्हाईक उतरायच्या आत "मोठं ना साहेब?" असं म्हणून तो निम्म्यांना लाजवून मोठं घ्यायला लावायचा. मावशीला तो पहिल्याच नजरेत आवडला नाही, आणि म्हणूनच तिने त्याच्यावरच्या संशयाला जरा लगाम घातला. न आवडणारा माणूस चोर निघावा अशी इच्छा फार लवकर होते.

मोठ्या आकड्याचं नोझल हल्ली बिघडतं म्हणे, असं तिने सहज विचारलं.

दीर हसला. "कोण म्हणालं? या पंपाचं नोझल बंद पडलेलं माझ्या पाहण्यात नाही. दादा होता तेव्हाही नाही, आताही नाही."

आत केबिनमध्ये वहिनी बसल्या होत्या. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, चहा मागवला, घड्याळजीची चौकशी केली. त्याचा हात हलतो का, हे त्यांनी चहा यायच्या आधी विचारलं आणि चहा आल्यावर पुन्हा विचारलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. मावशीने त्याचं कौतुक केलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, जमिनीखालच्या टाक्यांच्या झाकणांच्या किल्ल्या आहेत. टँकर आला की मी स्वतः उभी राहते. भाऊजी मनाचे चांगले, पण त्यांच्या हातात किल्ली टिकत नाही.

केबिनच्या एका भिंतीला फळी होती आणि फळीवर विकायला ठेवलेल्या मेणबत्त्या. वहिनी घरी मेणबत्त्या ओतत, लग्नाआधीपासूनचा छंद. लाल, निळ्या, पिवळ्या, जांभळ्या, सगळ्या ओळीत. मावशी चहाचा कप घेऊन फळीपाशी गेली.

"माझ्या खोलीला हिरवी शोभेल. हिरवी नाही का गं?"

"हिरवी खपत नाही, मावशी."

"हो का? मागे तर तुझ्या हिरव्याच घेऊन गेले होते मी. तुझे यजमान होते तेव्हा."

वहिनींनी कप उचलला. तो रिकामा होता, तरी त्या प्यायल्या.

मावशीने निघताना दोन छोट्या बाटल्या पुढे केल्या. एकीत साधं, एकीत मोठ्या आकड्याचं, थोडं थोडं द्या, म्हातारीचा चाळा समजा. दिराने हसत भरून दिलं. एक पिवळं, एक पाचूसारखं हिरवं. काचेपलीकडून वहिनी बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता. बाकीच्यांच्या तोंडावर तो होता. संशय घेतला की निरपराध माणूस आधी चिडतो. वहिनी चिडल्या नव्हत्या. त्या दमल्या होत्या.

५

शेजारच्या गावचा दिवा छाप पंप मोठा होता आणि कळकट. मावशी एस्टी स्टँडवरून चालत गेली आणि तिसरी बाटली पुढे केली. मोठ्या आकड्याचं दे म्हणाली. पंपावरच्या माणसाने भरून दिलं.

पिवळसर. वाळलेल्या गवताच्या रंगाचं.

मावशीने आवाज चढवला. तिचा जुना आवाज अजून शाबूत होता. मोठं मागितलं की हिरवं यायला हवं, मला दूधखुळी समजू नकोस, मी खात्यातली आहे.

माणूस कंटाळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "आजी, रोज कोणीतरी येऊन हेच भांडतं. रंग बंद झाला. गेल्या उन्हाळ्यापासून कंपनी मोठ्यात रंगच घालत नाही. टँकरवाला मोठ्याचा कप्पा रिकामा करताना सगळ्यांना सांगून गेलाय. दिवा छापाचं हिरवं पेट्रोल आता कुठेच येत नाही."

"कुठेच?"

"कुठेच. तुम्हाला कुठे दिसलं?"

मावशीने पिशवीतून घडी केलेलं फडकं काढलं आणि पिवळ्या डागावर बोट ठेवलं. ज्या फडक्यासाठी एका माणसाची नोकरी आणि नाव जात होतं, तेच डब्यातलं एकमेव खऱ्या पेट्रोलचं फडकं होतं. बाकी सगळी हिरवी खोटी.

६

रविवारी सकाळी मावशीने डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत तिघांना बोलावलं. काका दाराशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. वहिनी आल्या आणि रुग्णाच्या स्टुलावर बसल्या. खिडकीत तीन पांढऱ्या बशा होत्या. मावशीने त्यांत पहाटेच तीन बाटल्यांतलं थोडं थोडं पेट्रोल ओतून ठेवलं होतं आणि वाफ साठून पेट घेऊ नये म्हणून खिडकी सताड उघडी ठेवली होती. आता पेट्रोल उडून गेलं होतं.

पहिल्या बशीत साधं होतं, तिथे काही नव्हतं. दुसरीत शेजारच्या गावचं मोठं, तिथेही काही नव्हतं. तिसरीत वहिनींच्या पंपावरचं हिरवं. तिथे बशीच्या तळाला हिरवट पापुद्रा राहिला होता. मावशीने तो नखाने खरवडला आणि नख भाच्यापुढे धरलं.

"वास घे."

डॉक्टरांनी घेतला. "मेण."

"मेणबत्तीत घालायच्या रंगाच्या वड्या. पाण्यात विरघळत नाहीत, पेट्रोलमध्ये विरघळतात. मिस्त्रीच्या फिल्टरवर हीच साय होती."

मग तिने सगळं उलगडून सांगितलं, न थांबता आणि आवाज न चढवता. कंपनीने रंग घालणं थांबवलं, पण आपल्या गावात मोठं पेट्रोल हिरवंच येत राहिलं. म्हणजे रंग कोणीतरी इथेच घालत होतं. आणि ज्याने घातला त्याला रंग बंद झाल्याचं ठाऊकच नव्हतं. ते टँकरवाला सांगतो, पण मोठ्याचा कप्पा रिकामा करतानाच. ज्याने तो कप्पा उन्हाळ्यापासून कधी मागवलाच नाही, त्याला कोण सांगणार? मोठ्याच्या टाकीतही साधंच उतरत होतं. झाकणाच्या किल्ल्या एकाच कमरेला. दिराला यातलं काही माहीत नाही, नाहीतर त्याने मला बाटली हसत भरून दिली नसती.

डॉक्टर वहिनींकडे बघत नव्हते. ते बशीकडे बघत होते. म्हणाले, शक्य नाही. ती माझ्या मित्राची बायको आहे.

"आणखी एक राहिलं," मावशी म्हणाली. "नोझल बंद आहे, दुसरीकडे जा, असं सांगून चांगलं गिऱ्हाईक घालवणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. नोझल तर बंद नव्हतं. का घालवलंस गं काकांना?"

वहिनी बोलल्या, स्टुलावर तशाच ताठ बसून.

"तुमची ही गाडी नंतर आली, भाऊ. मी सुरू केलं तेव्हा तुमच्याकडे जुनी होती, तिला काही चालायचं. हे गेल्यावर पंप हातातून जायची वेळ आली होती. मी बघत होते, शिंपी स्कूटरमध्ये मोठं घालतो, मास्तर डबीएवढ्या गाडीत मोठं घालतात. त्यांना हवा होता आकडा आणि रंग. म्हटलं, तेवढंच देऊ. कोणाचं काय बिघडतंय? आणि खरंच कोणाचं बिघडलं नाही. उलट येऊन सांगायचे, वहिनी, फरक कळतो हो." त्या थांबल्या. "मग तुम्ही ही गाडी घेऊन आलात. म्हणालात, वहिनी, आता मोठ्याशिवाय नाही, आणि तुमच्याशिवाय नाही. मी कोणत्या तोंडाने सांगणार की माझ्याकडे भरू नका? काकांना दोनतीनदा आडून सुचवलं. एकदाच ऐकलं त्यांनी. पुढच्या वेळी म्हणाले, डॉक्टरांना आवडत नाही दुसरीकडे भरलेलं."

डॉक्टर उठले. खिडकीशी गेले. "त्या घड्याळजीचा हात..." एवढंच म्हणाले.

"रोज जाते मी त्यांच्याकडे," वहिनी म्हणाल्या. "दारापर्यंत."

७

मावशीने भाच्याला तेवढ्यावर सुटू दिलं नाही. वहिनी बाहेर गेल्यावर तिने काकांना तेच विचारलं, ज्याचं उत्तर त्यांनी गॅरेजमध्ये दिलं नव्हतं.

"काका, गाडी वाजते हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं ना?"

काका आपल्या टोपीकडे बघत राहिले. डॉक्टरच म्हणाले, हळू आवाजात, "सांगितलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. मी म्हणालो, चढ आहे, वाजणारच. वहिनींचं पेट्रोल आहे, त्यात खोट कशी असेल? आणि गाण्याचा आवाज वाढवला."

"आणि फडकं सापडल्यावर हे तुला आठवलं नाही?"

"आठवलं, मावशी. म्हणूनच तर राग आला."

मावशीने बशा गोळा केल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे बहुतेक वेळा घाईत नसतात, ती म्हणाली, त्यांना दुसरीकडे बघायचं नसतं. मग ती बशा धुवायला आत निघून गेली, कारण पुढचं दोघांनी एकमेकांशी बोलायचं होतं आणि त्यात तिचं काम नव्हतं.

वहिनींनी त्याच दिवशी मोठ्या आकड्याच्या नोझलला साखळी घातली, दुसऱ्या दिवशी खात्यात जाऊन झालेलं सगळं स्वतः सांगितलं आणि पंपाच्या दारावर जाड अक्षरांत पाटी लावली की आजवर इथे हिरवं म्हणून जे विकलं ते साधं होतं. खात्याने पंपाला टाळं लावायच्या आधी जे काही दिवस गेले त्यांत लोक आले, वाचलं, चिडले. मुख्याध्यापक तावातावाने बोलले आणि मग आपली गाडी इतके महिने कशावर लोण्यासारखी चालली हे आठवून एकदम गप्प झाले. शिंप्याने मात्र पाटी दोनदा वाचली, इकडे तिकडे बघितलं आणि दिराच्या कानाशी लागला. "असू दे हो साधं," म्हणाला, "पण तेच हिरवं द्या ना. गाडीला सवय झालीय."

वहिनी एक दिवस घड्याळजीच्या दाराच्या आत गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते कोणी सांगत नाही. इतकंच दिसतं की दुपारी घड्याळजी डाव्या हाताने काम शिकतो तेव्हा समोर बसून भिंग धरायला कोणीतरी लागतं, आणि ते भिंग त्या धरतात.

गाडीला दुसरं इंजिन बसायला वेळ लागला. ती पहिल्यांदा बाहेर निघाली ती वरच्या वस्तीलाच. सोमवारी येणारा ड्रायव्हर आलाच नव्हता, त्याला येऊ नको असं कळवलं होतं. किल्ल्या काकांच्या हातात होत्या. त्या देताना डॉक्टरांनी माफी मागितली होती आणि काकांनी ती "असू दे" म्हणून उडवून लावली नव्हती. नीट ऐकून घेतली होती.

पेट्रोल शेजारच्या गावी भरलं. नोझलला फडकं गुंडाळलं, डाग पिवळा पडला. काकांनी ते घडी करून डब्यात ठेवलं.

चढ लागला तसा डॉक्टरांचा हात सवयीने गाण्याच्या बटणाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. गाडी पहिलं वळण चढली, दुसरं चढली. इंजिनाचा एकसुरी आवाज आणि उघड्या काचेतून येणारा वारा, एवढंच. ज्या वळणावर ती बंद पडली होती तिथे रस्त्यावर तेलाचा काळा डाग अजून होता. काकांनी तो चुकवून गाडी काढली.

"वाजतंय का हो, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी गिअर बदलला. "नाही," म्हणाले. "पण तुम्हीही ऐकत राहा."